चौथं नाव

मल्हारी आप्पांनी जन्मभर मेंढरांमागं रान तुडवलं, तवा त्यांचे गुडघे कधी बोलले नाहीत. बोलले ते सरकारी पायऱ्यांवर. आठ महिने झाले, शिरूरला जा, पुण्याला सैनिकांच्या ऑफिसात जा, परत शिरूरला या. वय एकोणऐंशी. "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं. माणसाला थकवायला कामापेक्षा हेलपाटे बरे पडतात!

कारण साधं होतं. गावच्या चावडीत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी बसवलेला एक दगड आहे. या गावातून बावीस माणसं लढाईला गेली, पैकी चार कामी आली, एवढंच त्यावर कोरलंय. आकडे आहेत, नावं नाहीत. मेंढरंसुद्धा आम्ही नावानं ओळखतो, पण साहेबानं माणसं नुसती मोजली. यंदा सरपंच पोपटरावांच्या मनात आलं, त्या चौघांची नावं काळ्या फरशीवर कोरून सव्वीस जानेवारीला लावायची. तीन घरांत कागद निघाले. चौथा कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक, पण पुरावा कुणाकडं?

चौथा म्हणजे आप्पांचा आजा, म्हाळू. कळप भावाच्या हवाली करून तो तिकडं इराकात, बसऱ्याच्या लढाईला गेला, तेव्हा बायको अनसाबाई सोळा वर्षांची आणि मांडीवर तान्हं पोर. लढाई संपली, बाकीचे आले, म्हाळू आला नाही. मग सरकारी कागद आला. पाटील म्हणाला, "अंगठा दे, पेन्शन सुरू व्हईल."

"अंगठा दिला म्हंजी त्यो मेला, असं ठरतं का?"

"व्हय."

अनसाबाईनं कागद उचलला आणि चुलीत घातला. भावकी बोल बोल बोलली. ती मेंढरामागं हिंडली, पोर वाढवलं आणि साठ वर्षं कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. नवऱ्याचं श्राद्ध तिनं कुणाला घालू दिलं नाही. ती गेली तेव्हा बायका पांढरं नेसवायला निघाल्या, तर बत्तीस वर्षांचे आप्पा दारात आडवे झाले. म्हातारीला शब्द दिला होता. हिरवं लुगडं नेसून, सवाष्ण म्हणूनच ती गेली.

पण आताशा आप्पांना आज्याचीच कळवळ लागली होती. त्याला ना चिता मिळाली, ना पिंड. आपण डोळे मिटायच्या आत निदान त्याचं नाव गावात लागावं, एवढीच इच्छा.

जानेवारीत एकदाचं काम झालं. जुना कागद नाही, तर वारसाचं प्रतिज्ञापत्र चालेल, असं साहेब म्हणाले. शिक्रापूरच्या कंपनीत कामाला असलेली नात प्रगती रजा टाकून त्यांना पंचायतीत घेऊन आली. पोपटरावांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. प्रगतीनं मोठ्यानं वाचला, "म्हाळू हे सन एकोणीसशे सतरामध्ये मयत झाले. त्यांची विधवा पत्नी अनसाबाई..."

"थांब. काय म्हणालीस?"

"विधवा, आप्पा. कागदात तसंच लिवत्यात."

आप्पांनी पेन हातात धरला होता. तो टोपण लावून टेबलावर ठेवला.

पोपटराव वैतागले. "अवो आप्पा, म्हातारीला जाऊन जमाना झाला! आठ महिने जीव टाकलाय तुम्ही. आन् आता?"

"लई दमलोय रं पोपट," आप्पा म्हणाले. डोळे भरले होते, त्यांनी लपवले नाहीत. "पर जे तिनं अंगठ्यानं केलं न्हाई, ते मी सहीनं कसं करू? साठ वर्सं ती खोटं कुंकू लावत व्हती, असं मी लिवून दिऊ?"

सव्वीस जानेवारीला फरशी लागली. एक, दोन, तीन नावं. पुढं चारचा आकडा आणि कोरी जागा. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, माणसं पांगली. आप्पा गुडघे धरत उठले. कोपरीच्या खिशातून त्यांनी म्हातारीचा पितळी करंडा काढला आणि चारच्या पुढं बोटानं कुंकू लावलं.

"आप्पा, तिथं तर काय लिवलंच न्हाई," प्रगती म्हणाली.

"त्यो आल्यावर लिवू," आप्पा म्हणाले, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन घराकडं निघाले.