वाघोलीच्या गौरीचं बोळकं

अकोल्याहून दुसऱ्यांदा पुण्याला निघाले, तेव्हा मी भलतीच खुशीत होते. सिनेमासाठी लहान मुलं शोधणं हे माझं काम. दोन महिन्यांपूर्वी वाघोलीच्या एका शाळेत मला सात वर्षांची गौरी सापडली होती. वरचे पुढचे दोन दात पडलेले; ती हसली की समोरच्याला हसू आवरायचं नाही. "या बोळक्यावरच निवडलीय हिला," असं मी तिच्यादेखतच म्हणाले होते. मग चित्रीकरण लांबलं. मुलं वाढतात, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

सकाळी वाघोलीत उतरले. गौरीचे आईवडील वाशीमकडचे, वडील कारखान्यात. आईने तर्रीपोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खायला घातले. गौरी तोंडावर हात धरून दारात उभी होती.

"दोन दिवस झाले, अशीच लाजून राह्यली," आई म्हणाली.

गौरी, तिची आई आणि मी गाडीने मंडईकडे निघालो; चित्रीकरण तिथेच होतं. येरवडा मागे पडल्यावर गौरीने हळूच विचारलं, "मावशी, आज मला हसायचं हाय का?"

"मग! खूप हसायचंय."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मंडईत आमच्या लोकांनी वाट अडवलेली. एक भाजीवाल्या आजी मला म्हणाल्या, "अहो बाई, तुमचं शूटिंग संपेपर्यंत ही मेथी तरुण राहणार आहे का?" मला हसू फुटलं. गौरीही हसली आणि तिचा हात खाली आला. दोन नवे, करवतीसारख्या कडांचे दात.

दिग्दर्शकांनी पाहिलं. आवाज न चढवता म्हणाले, "दुसरीला बोलवा." आमच्याकडे प्रत्येक मुलामागे एक बदली मूल तयार ठेवतात, आईबापांना ते सांगत नाहीत. गौरीसारखाच फ्रॉक घातलेली, पुढचे दात पडलेली दुसरी मुलगी एका गाडीतून उतरली.

गौरी माझा पदर ओढत म्हणाली, "मावशी, हे पाडले तर?" तिची बोटं दात हलवू लागली होती. मी तिचा हात धरला. मला रडू आलं.

त्यांना मीच घरी सोडलं. दारात आई म्हणाली, "माह्यंच चुकलं, ताई. पडद्यावर पोरगी वाळलेली दिसू नये म्हणून रोज दूध पाजलं. त्यानंच दात लवकर आले."

मी "येते" म्हणाले आणि निघाले. बसमध्ये नगर येईपर्यंत तेच मनात घोळत होतं. दुधाने दात लवकर येत नाहीत, चूक माझी होती, एवढी दोन वाक्यं मला त्या माउलीशी बोलता आली नाहीत.