झोपडीपुढं बसवलेली गाईड

“तू आत नको. बाहेर, त्या झोपडीपुढं बस. तुला मेकअपचीसुद्धा गरज नाही.”

संस्थेचे अध्यक्ष हसत म्हणाले. बाकीचेही हसले.

वर्ध्याकडच्या एका संग्रहालयात मी गाईड होते. इतिहासात एम. ए. नोकरी कंत्राटी. संस्थेनं मागच्या आवारात ‘आपलं जुनं गाव’ उभं केलं होतं. पाटलाचा वाडा, मारुतीचं देऊळ, विहीर. आणि पार कुंपणाला टेकलेली एक झोपडी. प्रत्येकापुढं माहितीची पाटी. उद्घाटनाला त्यात जिवंत माणसं पाहिजे होती. माझ्यासोबतची गाईड वैदेही. तिला पैठणी आणि वाड्याची ओसरी. मला फाटकं लुगडं, हातात खराटा.

दोघींचं काम एकच. आडनावं वेगळी. तेवढं पुरलं.

नोकरी नवी होती. बसले.

पाहुणे आले. एका बाईनं पदर आवरला, अंग चोरलं. “शिवू नकोस हं,” म्हणाली. गंमत म्हणून. लोक खदखदले. मोबाईल वर झाले.

त्या गर्दीत माय उभी होती. पांढरं लुगडं नेसून पुलगाववरून आलेली. गाईड म्हणून पोरगी माइकवर बोलणार, असं सांगून मीच तिला आधी बोलावलं होतं.

“काऊन बसली व इथं?”

मी खराटा पाठीमागं लपवला.

“तुह्या आजीनं दीक्षा घेतली अन् हे सारं फेकून देल्लं. तुले कोणं नेसवलं?”

ती रडली नाही. नुसती पाहत राहिली. ते मला सोसलं नाही.

मी उठले. खराटा फेकला. सरळ विहिरीच्या कठड्यावर चढले आणि शेजारी उभ्या निवेदकाच्या हातातला माइक ओढला.

“मी इथली गाईड आहे. ही झोपडी आपल्या मनानं तिकडं गेली नाही. गावानं हाकलली. या असल्या विहिरीवर माझ्या आजीला पाणी भरू देत नव्हते. कोण देत नव्हतं, ते पाटीवर लिहिलं नाही. म्हणून मी सांगते.”

कोणीतरी माइक बंद केला. मी घसा फोडून बोलत राहिले. अध्यक्ष जवळ आले, दात खाऊन म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“येणार.”

दुसऱ्या दिवशी गेले. फाटक उघडलं नाही. मग फाटकाबाहेर उभी राहिले. शाळेची सहल आली की पोरांना तिथंच थांबवते, पाटीवर नाही ते सांगते. चौकीदार हाकलतो. अध्यक्ष पोलिसांची धमकी देतात.

बोलवा पोलीस. ही झोपडी गावाबाहेर कोणी टाकली हे पाटीवर येत नाही, तोवर मी हलत नाही.