दहा उंदीर आणि बापूंची नजर

आता काय सांगू तुम्हाला, शिकलेल्या माणसानं किती शहाणं असावं याला काही मर्यादा हवी! मी ती सांगलीच्या एका प्रयोगशाळेत ओलांडली.

पीएचडी करत होते. अंगावर केस नसलेले दहा गुलाबी उंदीर, त्यांच्या अंगात माणसाच्या कॅन्सरच्या पेशी सोडलेल्या. एका पिंजऱ्यातल्या पाचांना मी हळदीचा अर्क टोचायची, दुसऱ्यातल्या पाचांना नुसतं मिठाचं पाणी. हळदीवाल्यांच्या गाठी लहान राहिल्या तर तीन वर्षांचं सार्थक. नाही राहिल्या, तर पुन्हा श्रीगणेशा!

उंदरांची देखभाल बापूंकडे. बापू आटपाडीकडचे, घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं राखलेली. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, कान कातरून खुणा करा. मेंढराला आमी तसंच करतो."

"बापू, ही मेंढरं नाहीत. हे विज्ञान आहे."

आणि मी पिंजऱ्यांना चिठ्ठ्या लावल्या. छापील!

औषध टोचून संपलं. गाठी मोजायच्या आदल्या दिवशी पिंजरे धुवायला मी चिठ्ठ्या काढल्या, परत लावल्या. बापू बघत होते.

"ताई, चिठ्ठ्या उलट्या लागल्या."

"कशावरून?"

"त्वांडावरनं."

उंदराचं तोंड! मी हसले आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाईड सरांनी गाठी मोजल्या. हळदीवाल्यांच्या बोराएवढ्या, मिठाच्या पाण्यावाल्यांच्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या. सरांनी चष्मा पुसून परत मोजल्या. म्हणजे माझी तीन वर्षं पाण्यात!

आणि मग मला बापूंचं बोलणं आठवलं. उलट्या चिठ्ठ्या! म्हणजे लहान गाठी हळदीच्याच की हो! इतक्या आनंदानं स्वतःची चूक कबूल केलेलं माणूस तुम्ही पाहिलं नसेल.

"सर, चूक माझी. पूर्णपणे माझी! बापूंना विचारा, ते तोंडावरून उंदीर ओळखतात."

सरांनी बापूंना बोलावलं.

"व्हय सर, ताईंनी उलट्याच लावल्या हुत्या," बापू म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"पर ताई जेवायला गेल्या, तवाच मी सरळ केल्या. पयल्याच दिशी कान कातरले असते, तर ही येळच आली नसती."



"म्हणजे निकाल बरोबर आहे," सर शांतपणे म्हणाले. "आणि कान कातरायची पद्धत जगभर चालते, बरं का. बापू, पुढच्या खेपेपासून कान कातरा."

"कातरतो की," बापू म्हणाले. "पर ह्यात उंदरांची काय चूक न्हवती, सर."

माझा हात आपोआप माझ्या कानाकडं गेला.