गॅरेजमधला बँड आणि सहा वर्षांचा अबोला

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. बाळाचे एकेकटे मोजे जमत जातात ना, जोडीचा सापडत नाही आणि टाकवतही नाही, तसे ते जमतात. माझ्याकडचे बरेचसे एकाच गॅरेजमधून आले आहेत. परदेशात, माउंट रॉस्किल नावाच्या उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या कुंपणापलीकडे ते गॅरेज होतं, आणि त्यात तीन व्हिएतनामी भावंडांचा रॉक बँड होता.

आम्ही तिथे राहायला गेलो २००३ साली. आमचा निहार आठ महिन्यांचा होता आणि अकरा दिवस दुपारचा झोपला नव्हता. बाराव्या दिवशी दोन वाजता पलीकडे ड्रम्स सुरू झाले. मी तक्रारीचं इंग्रजी वाक्य मनात तीनदा घोकलं आणि निहारला खांद्यावर टाकून गेले.

दार उघडलं ते लेदर जॅकेट घातलेल्या बाईने. जॅकेटच्या बाहीला पीठ लागलेलं होतं. हीच लान, बँडची गायिका. जवळच्याच ओटाहुहु उपनगरात तिची बेकरी होती. पहाटे पाव भाजायचे आणि दुपारी रॉक गायचं, असा तिचा दिवस.

"एक्स्क्यूज मी, माझं बाळ..."

"तुझा जन्म कुठल्या सालचा?"

पुण्यात एवढं थेट फक्त स्थळं बघताना विचारतात. मी घाबरून खरं सांगून टाकलं.

"म्हणजे मी वीस वर्षांनी मोठी. आमच्यात मोठीला ताई म्हणतात. नुसतं नाव घ्यायचं नाही. आता बोल, बाळाचं काय?"

मी मान वळवून पाहिलं. निहार खांद्यावर गाढ झोपला होता. मी सॉरी म्हणाले, तिने दिलेला गरम पाव घेतला आणि परत आले.

*

पुढच्या महिन्यात बाळाला तपासायला नर्स घरी आली. "झोपवताना काय करता? अंगाई वगैरे?"

"शेजारी ड्रम्स वाजवतात," मी म्हणाले.

तिने काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं याचा विचार मी दोन आठवडे केला. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केल्याचा मला एकच फायदा झाला आहे. माझी प्रत्येक भीती शास्त्रशुद्ध असते. निहारचे कान बिघडतील या धास्तीने मी पाळण्यापासून कुंपणापर्यंतचं अंतर टेपने मोजलं. माझा नवरा मिलिंद ऑफिसमधून आला आणि बघत उभा राहिला. "आवाज मोजतेयस की प्लॉट पाडतेयस?" म्हणाला, आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

*

टुआन सगळ्यांत धाकटा. ड्रम्स वाजवायचा आणि भावंडांपैकी तोच एकटा सगळ्यांशी बोलायचा. जुन्या गोष्टी मला त्याच्याकडून कळल्या.

लढाईच्या काळात ही सगळी सायगावमध्ये, अमेरिकन सैनिकांच्या क्लबात वाजवायची. लानताई तेव्हा चौदा वर्षांची. माइकचा स्टँड गंजून वरच अडकलेला, म्हणून ती बिअरच्या क्रेटवर उभी राहून गायची. आई पहिल्या रांगेत, मांडीवर छत्री घेऊन. एकदा एक सैनिक फूल द्यायला स्टेजकडे निघाला. आईने छत्री उघडली.

"मग?"

"मग काही नाही. तो परत जाऊन बसला."

"आणि तुम्ही?"

"वाजवत राहिलो. आई थांबा म्हणाली नव्हती."

मी लानताईला विचारलं, "एवढ्या सैनिकांसमोर भीती नाही वाटायची?"

"वाटायची की," ती म्हणाली. "क्रेट हलायचा."

*

चौथं भावंडही होतं, बेस गिटार वाजवणारा भाऊ. तो कॅलिफोर्नियाला गेला त्याला बारा वर्षं झाली होती. तरी कार्यक्रमाच्या वेळी त्याचा अँप्लिफायर व्हॅनमधून उतरवायचा, डाव्या बाजूला ठेवायचा आणि त्याच्यापुढे एका माणसापुरती जागा सोडायची, हा नियम होता.

ओटाहुहुमधल्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे काका आहेराचं टेबल तिथे ठेवायला निघाले. "इथे नको," टुआन म्हणाला. "इथे आमचा भाऊ उभा राहतो."

काकांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, तिला सॉरी म्हटलं आणि टेबल दुसरीकडे नेलं.

*

आता बाओदादा. सगळ्यांत थोरला, गिटारवाला. त्याचा आणि लानताईचा सहा वर्षं अबोला होता. बँड मात्र एकाही शनिवारी बंद नव्हता.

कारण एवढंच, की सायगावपासूनचं त्यांचं एक गाणं होतं, आणि त्यातला वरचा सूर लानताईचा आता लागेना. बाओदादा एकदा म्हणाला, पट्टी खाली घेऊ. माझ्यासारख्या हार्मोनियमच्या तीन परीक्षा दिलेल्या माणसाच्या भाषेत सांगायचं, तर ती काळी पाचात गायची, तो काळी चारात घेऊ म्हणाला. लानताईला ऐकू आलं, तू म्हातारी झालीस. तिने पट्टी बदलली नाही आणि त्याच्याशी बोलणंही सोडलं. तो दर शनिवारी मुकाट्याने जुन्याच पट्टीत वाजवायचा आणि तो सूर जवळ आला की डोळे मिटून घ्यायचा.

निरोप टुआन पोचवायचा. एकदा तो डेअरीवर दूध आणायला गेला आणि मी सापडले.

"त्याला सांग, दुसरं कडवं रेंगाळतंय," लानताई म्हणाली. बाओदादा तीन फुटांवर उभा होता.

"त्यांनी ऐकलं, ताई."

"नाही ऐकलं. तू सांग."

मी सांगितलं.

"तिला सांग," तो म्हणाला, "गिटार वेळेवर आहे."

मी तेही सांगितलं. टुआन दूध घेऊन परतला, तेव्हा दोघांनीही मला कामावर कायम केलं होतं.

*

दीड वर्षाने बाओदादाने कुंपणावरून हाक मारली. "तिला सांग, मी ब्रिस्बेनला चाललोय. मुलाकडे. नव्या वर्षाचा कार्यक्रम झाला की निघणार. कायमचा."

असला निरोप सांगायचं शिक्षण मला कोणी दिलेलं नव्हतं. तीन दिवस मी लानताईला चुकवत राहिले. बँडचं काय होणार, हे उघड होतं. एक रिकामी जागा लग्नात चालून जाते, दोन रिकाम्या जागांना कोण बोलावणार? आणि ती दोघं तशीच, न बोलता, एकमेकांना दुरावणार होती. चौथ्या दिवशी बेकरीत जाऊन मी एका दमात सांगून टाकलं.

ती कणीक मळत होती. गोळा उलटून पुन्हा मळायला घेतला.

"त्याला सांग," ती म्हणाली, "तिकडे ऊन फार असतं."

मी सांगितलं. त्याने मान डोलावली. "तिला सांग, माझ्याकडे टोपी आहे."

*

व्हिएतनामी नववर्षाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता, भर दुपारी. निहार आता अडीच वर्षांचा. मी मराठीत गप्प बस म्हणत होते आणि तो इंग्रजीत नाही म्हणत होता.

शेवटी ते गाणं आलं. बाओदादाने सुरुवात केली आणि मी दचकलेच. काळी चार. सहा वर्षांत पहिल्यांदा, न विचारता. लानताईने वळूनही पाहिलं नाही. ती काळी पाचातच गायला लागली. पूर्ण कडवं दोघं एका सुराच्या अंतरावरून, जिवाच्या आकांताने, बेसूर. टुआन छताकडे बघत ठेका देत होता.

कडवं संपलं. बाओदादाने हात गिटारवर दोन घरं वर सरकवला, तिच्या पट्टीत. नेमकी त्याच क्षणी लानताई एक सूर खाली उतरली, त्याच्या पट्टीत. दुसरं कडवंही तसंच.

तिसऱ्या कडव्याला दोघांनी चूक सुधारली. म्हणजे तो खाली आला आणि ती वर गेली.

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. नवीन काहीतरी असावं, असं त्यांना वाटलं असणार.

लानताई गायची थांबली. वळली आणि माइक हातात तसाच ठेवून बाओदादाला व्हिएतनामीत काहीतरी म्हणाली. तो काहीतरी म्हणाला. मी शेजारच्या बाईंना विचारलं, काय म्हणताहेत?

"ती म्हणते, दादा, पट्टी तू ठरव," बाई म्हणाल्या. "तो म्हणतो, नाही, तू ठरव."

टुआनने काठ्या खाली ठेवल्या, पाण्याची बाटली उघडली आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून नीट बसला.