काट्यावर फिरणारं चाक

महागावच्या एका जिनिंगचं सॉफ्टवेअर मी बनवलंय. गेल्या हंगामात वजनकाट्यावर कापसाची गाडी आली, शेतकऱ्याचं नाव टाकलं, की पडद्यावरचं चाक फिरतच राहायचं. बाहेर रांग वाढायची. मालकांनी मला चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. त्यांनी विचारलं, तुमचे भाऊ पुण्याहून कधी येतात?

थोरल्याला आम्ही बंजारा लोक गोरबोलीत भिया म्हणतो. तांड्यावरून मोठ्या कंपनीत गेलेला तो पहिला, आणि तेव्हापासून मी म्हणजे फक्त त्याचा भाऊ. दिवाळीला तो आला, तर मालकांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली. मला त्या केबिनमध्ये चहासुद्धा उभ्यानेच मिळतो. माझ्या पोटात दुखायला लागलं. डेटाबेस का रखडतोय ते त्याच्याआधी मलाच सापडायला हवं होतं, बस्स.

भिया सर्व्हर तपासत बसला. मेमरी, डिस्क, नेटवर्क, सगळं ठणठणीत निघालं. मी उठून काट्यावर जाऊन बसलो आणि गाड्या बघत राहिलो. बाकी गावांच्या शेतकऱ्यांची नावं चटकन येत होती. तांड्यावरची गाडी आली की चाक सुरू.

मग ट्यूब पेटली. डेटाबेस आधी आडनावावरून शोधायचा. एरवी त्यात मोजकी माणसं निघायची, पण आमच्याकडे तांडेच्या तांडे एका आडनावाचे. तेवढ्या सगळ्यांतून एक माणूस हुडकताना तो बिचारा दमायचा. मी गाव आणि नाव मिळून नवा इंडेक्स, म्हणजे थेट त्या माणसापर्यंत नेणारी सूची, लावला, आणि चाक थांबलं. भियाचंही आडनाव तेच, तरी त्याला हे सुचलं नाही, याचा मला भलताच आनंद झाला.

मालक आले ते थेट भियाचा हात धरायला.

"मी नाही जी," भिया म्हणाला. "यानं शोधलं. मले तर काहीच सापडलं नव्हतं."

मालक माझ्याकडे बघून हसले. "पाहा, किती मोठं मन आहे तुमच्या भावाचं. केलं सोतानं, अन् नाव तुमचं सांगून राह्यले."

भियाने पुन्हा सांगून पाहिलं. तो जितकं सांगे तितका मालकांच्या नजरेत मोठा होत गेला. मी तिथेच होतो, चहाचा कप हातात घेऊन, उभा.