डासांचं माहेर

नागपुरात उभा जन्म काढून ज्याने आयुष्यात फक्त एकच डास हाताने मारला, असा माणूस मी एकच पाहिला, आणि आमच्या नशिबाने तो आमच्या थोरल्या अक्काचा नवरा होता. भाऊजी अहिंसावादी होते असा गैरसमज कृपा करून नको. मटणाचा तिखटजाळ रस्सा ते नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत ओरपत. डास मात्र त्यांना जिवंत आणि अख्खा लागे. पंगतीत आपण मानेवर हात उगारावा, तर समोरून भाऊजी ओरडत, "काहून मारून राहिला गा? पाय तुटले त ओळखू कसा?" मग खिशातून काचेची नळी निघे, तिचं एक टोक आपल्या मानेला, दुसरं भाऊजींच्या तोंडात, आणि एका हलक्या श्वासासरशी डास नळीत. स्वतःच्या साखरपुड्यात त्यांनी असाच एक डास भावी सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या टकलावरून उचलला होता. मुलगा मान राखणारा आहे, हे वडिलांचं मत त्याच क्षणी बदललं, पण तोवर साखर वाटून झाली होती.

भाऊजी विणकराच्या घरातले. माग सोडून डॉक्टर झाले आणि हिवतापाच्या सरकारी संशोधनात चिकटले. गर्भारणीला हिवताप आला की तिचं रक्त कसं आटतं आणि मूल काटकुळं का निपजतं, हा त्यांचा विषय. देश नवा स्वतंत्र झाला होता, जो तो काहीतरी उभारत होता. भाऊजींनी डास उभारले. मागच्या पडवीत मडक्यांमधून डासांच्या अळ्या वळवळत, आणि पंख फुटले की त्यांची रवानगी कापडी पिंजऱ्यांत होई. त्यातले निम्मे तरी पळून घरभर हिंडत. डास गोळा करायला भाऊजी विणकरांच्या आळीत जात. विणकर पाय सोडून बसतो तो मागाखालचा ओलसर, अंधारा खड्डा डासांना फार मानवतो. भाऊजी बॅटरी घेऊन त्यात उतरत आणि बिचारा विणकर काम थांबवून काठावर चहा पीत बसे.

डास मिळत, रक्त मिळेना. कुठे डोहाळजेवण आहे असं कानावर आलं की भाऊजी सुई आणि काचपट्ट्यांची पेटी घेऊन आमंत्रणाशिवाय हजर. हिरव्या लुगड्यातल्या पोरीने बोट पुढे करावं, तोच एखादी म्हातारी आडवी येई. "ते रक्त पोटातल्या लेकराचं हाय, डॉक्टर. त्याले इचारलं का तुम्ही?" भाऊजींना हळूहळू उमजलं की अडचण रक्ताची नसून मानाची आहे. सासूच्या आधी सुनेला सुई टोचणे हा सासूचा उघड अपमान होता. मग ते आधी सासूला टोचू लागले, मग आत्तेसासूला, मग रुसून बसलेल्या थोरल्या जावेला, आणि शेवटी जिच्यासाठी आले तिला. त्यांच्या पेटीत नागपुरातल्या इतक्या सासवांचं रक्त साठलं होतं की ती पेटी घरात ठेवायला अक्का घाबरायची.

एवढं करून सगळं जुळत आलं, आणि सातव्या महिन्यात भाऊजींच्या गर्भारणी एकामागून एक गायब झाल्या. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, ही गोष्ट घरोघरची डोहाळजेवणं जेवलेल्या या विद्वानाच्या ध्यानातच आली नव्हती. "माह्यं सारं संशोधन उमरेडले निघून गेलं गा!" असं म्हणत ते आमच्या ओसरीवर कपाळ धरून बसले. पण हरणारा माणूस नव्हता. लेकीला माहेरी न्यायला बाप नाहीतर भाऊ मुराळी म्हणून येतो. त्या बापभावांना हातचं काम सोडून येणं जड जाई, म्हणून आता भाऊजीच मुराळी झाले. इतवारीहून सुटणाऱ्या छोट्या गाडीत एका बाजूला लाजरी पहिलटकरीण, दुसऱ्या बाजूला तिचं बोचकं, मध्ये मांडीवर पेटी घेतलेले भाऊजी. तिकडे पोरीच्या आईबापांकडून पाहुणचार घेत, परतीची गाडी गाठत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त घ्यायला हजर होत. कोणा पोरीला गाडीतच थंडी वाजून आली तर तिला औषध देऊन, ताप उतरेपर्यंत तिच्याच माहेरी मुक्काम ठोकत. मुराळी हवा तर डॉक्टरले सांगा, असं आळीतल्या बायका बिनदिक्कत म्हणू लागल्या.

अशात जबलपूरला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, आमच्या सुमनला, दिवस गेले. सातवा लागला. सासरी तिची ट्रंक भरून तयार होती, आणि जगाचा मुराळी घरातून हलेना. आज रस्त्याची दगदग, उद्या थंडी, परवा साहेबांची तपासणी. कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. या घरात गर्भारणीने राहणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? आणि मडकी रिकामी करायची तर कित्येक वर्षांची मेहनत मातीत जाणार. अखेर अक्काने भाकरी थापता थापता, मान वर न करता विचारलं, "तुमच्या डासाईले या घरात माहेर हाय, अन् माह्या पोरीले नाही?"

भाऊजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा पडवीत रॉकेलचा भपकारा होता. मडकी उपडी पडली होती, पिंजरे जाळले होते, आणि भाऊजी कोट चढवून जबलपूरच्या गाडीला निघाले होते. डोळे लाल दिसत होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "रॉकेल झोंबलं गा."

सुमनला मुलगी झाली. आळीतल्या बायकांनी पाळण्यावर घालायला मागावर विणलेलं विरळ, मऊ कापड आणून दिलं. एकीने तर भाऊजींनाच आधी ओवाळलं. बारशानंतरच्या एका दुपारी आम्ही दोघे पाळण्याशी बसलो होतो. कुठूनसा एक डास आला आणि त्या कापडावर बसला. भाऊजींचा हात सवयीने खिशातल्या नळीकडे गेला. तिथे थांबला. मग त्यांनी कापड हलकेच झटकलं आणि उडालेला डास दोन्ही तळव्यांमध्ये फाडकन मारला. नात दचकून रडायला लागली.

"कोणता होता, भाऊजी?" मी विचारलं.

"पाहिलं नाही," ते म्हणाले, आणि धोतराला हात पुसून पाळणा हलवू लागले.

सुमन सासरी गेल्यावर मडकी पुन्हा भरली, अक्का पुन्हा करवादली, सारं पूर्ववत झालं. आता भाऊजी नाहीत. अजूनही कानाशी डास गुणगुणला की माझा हात उठतो आणि हवेत अडतो. वाटतं, आता समोरून कोणीतरी ओरडेल. मी थोडा वेळ वाट पाहतो. कोणी ओरडत नाही, आणि तेवढ्यात डास उडून जातो.