आक्काच्या घराचं सांडपाणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आक्काचे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनं सातवीतून शाळा सोडली, कागलजवळच्या आमच्या गावात शिलाई मशीन धरलं, आणि मला कोल्हापुरात ठेवून इंजिनिअर केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज शहराच्या पाणी आणि ड्रेनेज खात्यात नोकरी करतो. नव्या इमारतीला पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठं जाणार, हे तपासून दाखला द्यायचा, हे माझं काम. त्याशिवाय नळ जोडत नाहीत आणि राहायला जाता येत नाही.

जन्मभर भाड्याच्या खोलीत काढल्यावर आक्का आणि दाजींनी शहराच्या कडेला तळमजल्यावर फ्लॅट घेतला. इमारत नेमकी माझ्याच भागात. आमच्याकडं रंग वाळायच्या आत वास्तुशांतीचा मुहूर्त काढतात. दाखला काय, मागून येईलच, असं सगळे धरून चालतात. आक्कानंही पत्रिका वाटल्या, बिद्रीच्या पावण्यांना बोलावणं केलं आणि खोली सोडतो म्हणून घरमालकाला सांगूनही टाकलं.

तपासणीला गेलो. टाक्या बरोबर होत्या. पावसाचं पाणी मुरवायचा खड्डाही होता. पण मागच्या चेंबरचं झाकण उचललं आणि मी चमकलो. रस्त्यापलीकडच्या ड्रेनेजला जायचा पाईप उलट्या अंगाला वळलेला वाटत होता. अशा वेळी आम्ही पाण्यात रंग सोडतो. तो जवळ नव्हता, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून गुलाल आणला, बादलीत कालवला आणि आक्काच्याच कोऱ्या संडासात ओतला.

रस्त्यापलीकडच्या चेंबरवर वाकून मी वाट बघत राहिलो. तिथं काहीच आलं नाही. हाक आली ती इमारतीमागच्या ओढ्यातून. तिथं एक गवळी म्हशी धूत होता.

“ओ पावणं! पाणी गुलाबी झालंय की! कोण निवडून आलं काय?”

बिल्डर माझ्या शेजारीच उभा होता. तो हसला नाही. “साहेब, नवा रस्ता खोदायला परवानगी मिळंना. पाणी जातंय न्हवं? मग झालं की.”

बिल्डरनं कळवलं असणार, संध्याकाळी दाजी आणि आक्का माझ्या घरी आले. दाजी बसलेसुद्धा नाहीत.

“सही करायला हात दुखतोय व्हय तुझा?”

“दाजी, सगळी घाण ओढ्यात चाललीया.”

“निम्म्या गावाची जातीया. तुला बरी आमचीच दिसली!”

आक्का दारातच थांबली होती. ती एवढंच म्हणाली, “खोली सोडतो म्हणून सांगून बसलोय रं. आता आम्ही जायचं कुठं?”

पुढचे दिवस मी एका जागी ठरलोच नाही. चहा अर्धा टाकून इमारतीपाशी जायचो, झाकण उचलून बघायचो, जणू पाईप आपोआप सरळ झाला असेल. परत यायचो, फाईल उघडायचो, मिटायचो. एकदा दाखला दिला की तो रस्ता कुणी खोदणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी नकार लिहिला. आक्कानं माझे फोन घेणं बंद केलं. मग मी तिला पत्र टाकलं:

आक्का,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. दाखला मीच अडवलाय. पावणं विचारतील तेव्हा खुशाल माझ्यावर ढकल. त्या दिवशी दारात सांगायला हवं होतं ते आता सांगतो. पावसाळ्यात ओढा फुगला की तेच पाणी त्या पाईपमधून उलटं तुझ्या मोरीत येईल. वरच्या मजल्यावरचे वाचतील, तू नाही.

रस्ता खोदायची परवानगी मिळावी म्हणून मी रोज रस्त्यांच्या खात्यात जाऊन बसतोय. कधी मिळेल ते माहीत नाही, आणि तुला खोटी तारीख देववत नाही. तू शिकवलंस म्हणून मी या खुर्चीवर आहे. तुझंच घर माझ्यापुढं यावं, याचा मला फार त्रास होतोय.

खोली सोडावी लागली तर सामान घेऊन सरळ माझ्याकडं या. पुढची खोली मोकळी केलीय. दाजी नको म्हणतील. त्यांना सांग, माझ्याशी बोलू नका, पण या.